आधी दार, मग वॉट

गाडीला स्पीकर लावायला माणूस दुकानात शिरला की दोन प्रश्नांची देवाणघेवाण होते. गिऱ्हाईक विचारते, “कितीपर्यंत बसेल?” दुकानदार विचारतो, “किती वॉटचे दाखवू?” भाव आणि वॉट या दोन आकड्यांवर सौदा ठरतो आणि तासाभरात गाडी तयार होते. आवाज मोठा झालेला असतो. चांगला झालाय का, हे आठवड्याने कळते, बहुधा हायवेला काचा बंद करून आवडते गाणे लावल्यावर.

हा लेख त्या आठवड्याआधी वाचण्यासाठी आहे. ऑल्टो, वॅगनआर, टियागो, आय-टेन अशा लहान गाडीत, पाच ते तीस हजारांच्या आत, आवाज खरोखर सुधारायचा असेल तर पैसे कुठे टाकावेत? यावर गॅरेजात आणि मित्रमंडळींत चार मते ऐकू येतात. कोणी म्हणते टेप बदला, कोणी म्हणते स्पीकर बदला, कोणी अँप म्हणजे अॅम्प्लिफायर टाका म्हणते, आणि तरुण पोरे सरळ डिकीत वूफर ठेवतात. चारही मतांत तथ्य आहे. चूक होते ती क्रमात.

गाडीतल्या यंत्राला अजूनही अनेक जण ‘टेप’च म्हणतात, त्यातून कॅसेट जाऊन जमाना झाला तरी. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ मध्ये. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. पुढे बराच काळ टेप ही बाहेरून बसवून घ्यायची चैन होती. डॅशबोर्डात टेप आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर ही मांडणी इतकी रुळली, की आजही काही फिटर हॅचबॅकच्या मागच्या ट्रेला सहा बाय नऊ इंची भोक पाडायला निघतात. टेपचे तोंड चोरांच्या भीतीने काढून खिशात घालणारे लोकही त्याच काळातले. आता अनेक गाड्यांत मधल्या मॉडेलपासून टचस्क्रीन कंपनीच देते. प्रश्न ‘बसवू काय’ हा राहिला नाही, ‘बदलू काय’ हा झाला. सवयी मात्र जुन्याच आहेत.

खर्चाआधीचा अर्धा तास

पहिली सुधारणा फुकट होते. टेपच्या सेटिंगमध्ये बेस आणि ट्रेबल बहुधा टोकाला नेलेले असतात. ते शून्यावर आणा आणि मग एखादे घर वर-खाली करा. लहान स्पीकरला बेस चढवून दिला की त्याचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, झेपेल त्यापेक्षा जास्त हलतो, आवाज फाटतो आणि आपण स्पीकरला नावे ठेवतो. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाची वाटणी, थोडा पुढे घ्या, म्हणजे गाणारा मागच्या सीटवर नव्हे तर समोर बसल्यासारखा वाटेल. बॅलन्स एक-दोन घरे डावीकडे न्या, कारण उजवा स्पीकर चालकाच्या गुडघ्याशी असतो आणि डावा पार पलीकडे. ब्लूटूथवर ऐकत असाल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून गाडीच्या बटणाने कमी-जास्त करा. गाण्याच्या अॅपमध्ये आवाजाचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर ‘हाय’ करा. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली, चारदा दाबून लहान केलेली फाइल तीस हजारांच्या सिस्टीमवरही डब्यात गायल्यासारखीच वाजते.

मग खडखड शोधा. जोरदार बेसचे गाणे लावून डोअर पॅडवर, मागच्या ट्रेवर, नंबर प्लेटवर हात ठेवत फिरा. हात ठेवल्यावर आवाज थांबला तर दोषी सापडला. दाराच्या कप्प्यातली टोलची सुटी नाणी, सैल क्लिप, प्लेटमागचा पत्रा, हे सगळे फेल्टच्या पट्टीने किंवा फोमच्या तुकड्याने गप्प बसते. टायरची हवा बघा. हायवेच्या वेगात लहान गाडीच्या केबिनमध्ये टायर, वारा आणि इंजिन मिळून मोठाच गोंगाट करतात. गाण्याची स्पर्धा त्यांच्याशी असते.

एवढे करूनही अनेकांचे समाधान होते. ज्यांचे होत नाही त्यांच्यासाठी पुढचे.

वॉट नावाचा आकडा

टेपच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते. हा आकडा कुठून येतो ते कागदावर करून पाहता येते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८४. हेच ते पन्नास वॉट. पण हा हिशेब टेप जिवाच्या आकांताने वाजत असतानाचा, आवाजाची लहर चेपून चौकोनी झाल्यावरचा आहे. स्वच्छ लहरीसाठी त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॉट, ही वरची मर्यादा. आतली घट वजा जाता हातात उरतात वीसच्या आसपास. याला आरएमएस म्हणतात आणि दुकानात विचारायचा आकडा तोच. स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॉट लिहिलेले असले तरी बारीक अक्षरात आरएमएस ३० किंवा ४० सापडते. अँपवर सीईए-२००६ या अमेरिकी मानकाचा उल्लेख असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्याच्या आतली विकृती या अटींवर ताकद मोजलेली असते.

दुसरी गोष्ट कानाची. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. ‘दुप्पट मोठा झाला’ असे वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. टेपच्या २० वॉटऐवजी ५० वॉटचे अँप लावले तर मिळतात अवघे ४ डेसिबल. उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. एका वॉटला एका मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९१ देणारा निवडला, तर एकही वॉट न वाढवता ताकद दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो. नुसत्या टेपवर स्पीकर चालवायचे असतील तर हा आकडा ९० किंवा त्याहून जास्त असलेला बरा.

दार हेच खोके

घरचा स्पीकर लाकडी खोक्यात असतो तो शोभेसाठी नव्हे. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, आणि यात पहिला बळी बेसचा जातो. खोके या दोघींना वेगळे ठेवते.

गाडीत ते खोके म्हणजे दार. डोअर पॅड काढून एकदा आत डोकवावे. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके, त्यांवर पातळ प्लॅस्टिकचा पडदा, आणि बाहेरचा पत्रा बोटाने वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा टणटणतो. कंपनीने हे वजन आणि खर्च वाचवण्यासाठी केलेले असते. अशा दारात दहा हजारांचा स्पीकर लावला तरी तो आधी पत्रा वाजवणार, मग गाणे.

यावरचा उपाय म्हणजे डॅम्पिंग. एका बाजूला चिकट ब्युटाइल रबर आणि वर अॅल्युमिनियमचा पातळ थर, असे हे शीट असते. बाहेरच्या पत्र्याला आतून ते रोलरने दाबून लावायचे. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते, मधला निम्मा भाग झाकला तरी टणटण जाते. मग आतल्या पत्र्याची भोके बंद करायची आणि स्पीकरच्या कडेला फोमची चकती लावून फट बुजवायची. काम नीट झाल्याची खूण सोपी आहे. दार लावल्यावर ‘ठण्’ऐवजी ‘धप्’ असा आवाज येतो. त्याच जुन्या स्पीकरमधून बेस वाढलेला ऐकू येतो तेव्हा पटते की चूक स्पीकरची नव्हती.

आपल्या हवेत दोन पथ्ये पाळावी लागतात. स्वस्तातली डांबरी शीट छपराच्या गळतीसाठी ठीक असतात. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती मऊ पडतात, सरकतात आणि वास मारतात. आणि कोकणातल्या पावसात काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरतेच, ते तळाच्या बारीक भोकांतून बाहेर जावे अशीच रचना असते. ती भोके शीटने बुजवली तर दार आतून गंजते. याच कारणाने स्पीकरखाली एमडीएफची कडी नको, पाण्याने ती फुगते. प्लॅस्टिकची घ्यावी. स्पीकरचा कोनही कागदापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा असला तर पावसाळे जास्त काढतो.

स्पीकर: दोनच, पण पुढचे

स्पीकर दोन प्रकारचे. कोअॅक्सियलमध्ये मोठ्या कोनाच्या मधोमध उंच सुरांचा छोटा ट्वीटर बसवलेला असतो. कॉम्पोनंटमध्ये दोघे वेगळे, आणि कोणाकडे कोणते सूर पाठवायचे ते क्रॉसओव्हर नावाची लहान डबी ठरवते. उंच सूर सरळ रेषेत जातात. दारात खाली बसलेला ट्वीटर पोटऱ्यांना गाणे ऐकवतो. कॉम्पोनंटचा ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी तुकड्यावर किंवा समोरच्या खांबावर बसला की गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. तानपुरा लावून बघा. जवारीची ती बारीक झिलई पायाशी हरवते आणि डोळ्यांसमोर आली की लगेच ओळखू येते.

तरीही बजेट घट्ट असेल तर चांगले कोअॅक्सियल वाईट कॉम्पोनंटपेक्षा केव्हाही बरे. खरेदीआधी गाडीच्या दारात कोणत्या मापाची जागा आहे ते पाहा. व्यासापेक्षा खोली जास्त दगा देते. जाड चुंबकाचा स्पीकर बसवला आणि काच खाली केली की काच चुंबकावर आपटते. म्हणून स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून पाहायला फिटरला सांगा.

मागच्या दारांचे काय? चालक आणि शेजारचा, हेच बहुतेक वेळचे श्रोते असतील तर मागच्या स्पीकरवर खर्च करू नये. तोच पैसा पुढच्या दोघांवर आणि त्यांच्या दारांवर लावावा. मागे मुले किंवा आई-वडील बसत असतील तर कंपनीचेच स्पीकर फेडरने मंद ठेवले की पुरते.

ट्रेवरचे स्पीकर मात्र टाळावेतच. माझ्या पहिल्या सेकंडहँड हॅचबॅकमध्ये मीही ते हौसेने बसवून घेतले होते. एकदा घाटात जोरात ब्रेक लागला आणि ट्रे स्पीकरसकट मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. सुदैवाने मागे कोणी नव्हते. ट्रे काढून पाहिला तेव्हा फिटरने वायरही कपलर न लावता कंपनीच्या वायरिंगला कापून पिळून जोडलेली दिसली, वर काळी चिकटपट्टी. ती दुरुस्त करायला स्पीकरच्या किमतीएवढाच खर्च आला.

टेप बदलावा का?

टेपसाठीच्या खाचेची मापे जगभर ठरलेली आहेत. सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. जुन्या लहान गाड्यांत यांपैकी एक बसतोच. नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग असते, तिथे बदलाच्या भानगडीत पडू नये.

मोठ्या पडद्याचा स्वस्त अँड्रॉइड टेप हा सध्या खूप खपणारा माल. नकाशा, मागचा कॅमेरा, फोनची जोडणी यांसाठी तो उपयोगी आहे. पण आवाज त्याने आपोआप सुधारत नाही. आत त्याच वीस वॉटच्या वर्गातली चिप असते, कित्येकदा कमीच. त्यातल्या त्यात एक गोष्ट बघावी, ती म्हणजे टाइम अलाइनमेंट. ध्वनी मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चालकापासून डावा स्पीकर उजव्यापेक्षा अर्धा मीटर लांब असला तर त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि गायक उजव्या दारात अडकून बसल्यासारखा वाटतो. टेपने उजव्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून धरले की गायक मधोमध येतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या टेपमध्ये आणि काही अँड्रॉइड टेपमध्ये ही सोय असते. अर्ध्या तासाच्या बैठकीत ती लावता येते आणि एकदा ऐकल्यावर सोडवत नाही.

अँप, वायर आणि फ्यूज

दारांचे काम आणि चांगले पुढचे स्पीकर झाल्यावरही आवाज वाढवताच फाटत असेल, तर अँपची वेळ आली. लहान गाडीला क्लास-डी प्रकारचे छोटे चार चॅनेलचे अँप सोयीचे. ते कमी तापते आणि सीटखाली मावते. कंपनीच्या टेपला अँपसाठीची वेगळी पिन नसली तरी हाय-लेव्हल इनपुट असलेले अँप घेतले की स्पीकरच्याच वायरीवरून सिग्नल मिळतो आणि टेप बदलावा लागत नाही.

विजेचा हिशेब एकदा करून बघावा. चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट, म्हणजे २००. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर गाडीकडून मागणी २५० वॉटची, सुमारे १८ अँपिअर. हे पूर्ण जोरातले. गाण्यात सरासरी त्याहून बरीच कमी असते. अनेक लहान पेट्रोल गाड्यांची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते. इंजिन बंद ठेवून सहलीच्या ठिकाणी दोन तास नाचगाणे केले तर परतताना धक्का मारायला माणसे लागतील.

अँपची वायर थेट बॅटरीवरून येते, म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, ४५ सेंटिमीटरच्या अलीकडे हवा. तो अँपशेजारी असेल तर काही उपयोग नाही. वाटेत वायर सोलून पत्र्याला टेकली तर जाळ तिथेच होतो. इंजिनाच्या पत्र्यातून वायर आणताना रबरी ग्रोमेट घालायचा. सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची दुसऱ्या बाजूने न्यायची, नाहीतर अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती अॅल्युमिनियम. ती घ्यायचीच असेल तर एक नंबर जाड घ्या आणि पैसे अॅल्युमिनियमचे द्या. आणि अँपवरचा ‘गेन’ हा आवाजाचा खटका नाही. टेपच्या सिग्नलशी अँपचे माप जुळवण्यासाठी तो असतो. पूर्ण फिरवून ठेवला की स्पीकर जळण्याचा रस्ता मोकळा.

बेस किती हवा?

इथे आधी स्वतःला विचारावे की आपण ऐकतो काय. नाट्यगीत, अभंग, भावगीत यांचा बहुतेक जीव १०० हर्ट्झच्या वरच असतो. डग्ग्याची घुमक आणि पखवाजाची थाप यांसाठी नीट बंद केलेल्या दारातला साडेसहा इंची स्पीकर पुरतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर वाजते, आणि डीजेचे सूर त्याच्याही खाली जातात. ते ऐकायचे असतील तरच सबवूफर.

लहान गाडीचा इथे फायदाच होतो. बंद काचांची छोटी केबिन खालच्या सुरांना आपणहून उठाव देते, त्यामुळे मोठ्या बंदिस्त खोक्याची गरज पडत नाही. सीटखाली सरकणारा, आतच अँप असलेला आठ इंची चपटा वूफर डिकी मोकळी ठेवतो. छाती हादरवणार नाही, पण गाण्याचा तळ भरून काढतो. बारा इंची खोके डिकी खाते, आणि पुढचे स्पीकर कमजोर असतील तर मागून नुसता ढमढमाट येत राहतो, गाणे समोर दुबळे ते दुबळेच. वूफर आला की पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे सूर बंद करावेत. ते ओझे उतरले की तेही मोकळे वाजतात.

तीन बजेट

भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून हे अंदाज समजावेत.

पाच-सहा हजारांत: पुढच्या दोन दारांचे साधे डॅम्पिंग आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे कोअॅक्सियल. मागचे तसेच. या रकमेत ऐकू येणारा फरक सर्वांत मोठा असतो.

पंधरा हजारांत: दारांचे नीट काम, कॉम्पोनंट स्पीकर, आणि उरलेल्या पैशांत छोटे अँप किंवा टाइम अलाइनमेंट असलेला टेप, दोहोंपैकी एक.

तीस हजारांत: वरचे सगळे, अँप धरून, आणि गरज असेल तर सीटखालचा वूफर. याच्या पुढे लहान गाडीत पैसा वाढत जातो, सुख त्या मानाने वाढत नाही.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड ही जुनी ठिकाणे आहेतच. घरबसल्या मागवूनही माल येतो, पण मग फिटिंग कोण करणार ते आधी ठरवा. नकली माल सगळीकडे आहे. खोक्यावरचा आणि मालावरचा अनुक्रमांक जुळवा, पक्के बिल घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर एकही वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर काहीशे रुपयांत मिळतात. बाहेरून बसवलेली सिस्टीम गाडीच्या नेहमीच्या विम्यात आपोआप धरली जात नाही, ती वेगळी नोंदवावी लागते.

कान वेगळे विकत मिळत नाहीत. ८५ डेसिबल रोज आठ तास ही कामगारांच्या ऐकण्यासाठी मानली जाणारी मर्यादा, आणि अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या हिशेबाने दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला उरतो एक तास. काचा खाली करून गल्लीतून जाताना आणखी एक आकडा लक्षात असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

दुकानात गेलात तर पहिला प्रश्न वॉटचा विचारू नका. “डोअर पॅड काढून आतले काम करता का, आणि करताना मला बघू द्याल का?” एवढेच विचारा. जो “त्याची काही गरज नाही” म्हणेल त्याच्याकडून स्पीकरही घेऊ नका.